शिक्र्यासाठी घेतलेली ८×४२ दुर्बीण: येऊरमध्ये चौदा महिने वापरल्यावर

कोणतीही दुर्बीण चांगली की वाईट, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते. शिक्र्याच्या, म्हणजे झाडीतल्या एका लहान शिकारी पक्ष्याच्या, गळ्यावरची उभी रेघ दिसली पाहिजे. पांढऱ्या गळ्याच्या बरोबर मधून उतरणारी, राखाडी, पेन्सिल हलक्या हातानं फिरवावी तशी. पंचवीस मीटरवरून, झाडाच्या सावलीत, सकाळी पावणेसातच्या उजेडात ती दिसली तर दुर्बीण कामाची. दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली, तर सगळ्याच दुर्बिणी छान वाटतात.

मी मुद्दाम चौदा महिने थांबले. एक हिवाळा, एक पानगळ, एक पावसाळा आणि पुन्हा हिवाळा असा पूर्ण फेरा झाल्याशिवाय मला या वस्तूबद्दल लिहायचं नव्हतं. कंपनीचं नाव घेत नाही. याच मापाच्या, साधारण याच किमतीच्या दुर्बिणी चार-पाच कंपन्या विकतात, आणि मला जे सांगायचं आहे ते मापाबद्दल आहे: आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटर रुंद असलेली. मी ती ११,४०० रुपयांना घेतली.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर काम केलं, आता निवृत्त आहे. चष्मा आहे, उजव्या डोळ्याचा नंबर जास्त. आठवड्यातून तीन सकाळी शहराला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात जाते, कधी रिक्षानं, कधी टीएमटीच्या बसनं पाटोणपाड्यापर्यंत.

याआधी माझ्याकडे २०×५० होती, ३,२०० रुपयांची. दुकानदारानं सांगितलं, "मॅडम, वीस म्हणजे वीसपट जवळ. आठ घेऊन काय करणार?" आणि मी ऐकलं. माझ्यासारखीनं ऐकायला नको होतं. रक्ताच्या स्लाइडवर मलेरियाचा परजीवी शोधायचा असतो तेव्हा आम्ही एकदम शंभरच्या लेन्सवर जात नाही. आधी दहाच्या लेन्सवर सगळी स्लाइड फिरून घ्यायची, कुठं बघायचं ते ठरवायचं, मग तेलाचा थेंब टाकून मोठी लेन्स लावायची. जंगलात पक्षी शोधणं हे त्या दहाच्या लेन्सचं काम आहे. वीसपट दुर्बिणीतून मला चार महिने फक्त पानं दिसली. तीही थरथरती, कारण हाताचं कापणंसुद्धा वीसपट होतं.

आकड्यांचं गणित सोपं आहे, दुकानात जाण्याआधी घरीच करून जा. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागायचं. ५० भागिले २० म्हणजे अडीच मिलिमीटर. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्याकडं येणाऱ्या प्रकाशाचा जो गोल असतो त्याची ही रुंदी. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडं केली की डोळ्याच्या बाजूच्या काचेत तो गोल चक्क दिसतो. सव्वापाचच्या गोलाचं क्षेत्रफळ अडीचच्या गोलाच्या चौपटीहून जास्त भरतं. भर उन्हात उपवन तलावावरचे बगळे बघायचे तर फरक पडत नाही, डोळ्याची बाहुली तेव्हा आकसलेलीच असते. पण ऐन-सागाच्या झाडाखाली, सूर्य अजून डोंगराआड असताना, बाहुली मोठी झालेली असते आणि तिला मिळेल तेवढा उजेड हवा असतो. जुन्या दुर्बिणीत अशा वेळी झाडावरचा पक्षी काळा ठिपका होता. नवीनमध्ये त्याला रंग आला.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याच्याबद्दल. आमच्या सोसायटीत आभाळात फिरणाऱ्या प्रत्येक शिकारी पक्ष्याला घार म्हणतात आणि झाडावर बसलेल्या प्रत्येकाला ससाणा. घार ओळखणं सोपं आहे, शेपटीला खाच असते आणि ती उंचावर आरामात घिरट्या घालते. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार असतात, तो मोकळ्या आकाशातला शिकारी. शिक्रा या दोघांहून वेगळा. हा बाजांच्या घराण्यातला, झाडीत शिकार करणारा. पंख आखूड आणि टोकाला गोल, शेपटी लांब. फांद्यांच्या दाटीत लांब पंख आपटतील म्हणून पंख आखूड, आणि दोन खोडांच्या मधून ऐन वेळी वळायचं तर सुकाणू लागतं म्हणून शेपटी लांब. आकारानं पारव्याएवढा, २६ ते ३० सेंटिमीटर. नराची पाठ निळसर राखाडी, छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेषा एकीला एक लागून, आणि डोळा लाल. मादी नराहून मोठी, पाठीला तपकिरी झाक, डोळा पिवळा किंवा नारिंगी. पहिल्या वर्षाची पिल्लं वरून तपकिरी आणि छातीवर उभे ओघळ, शाईचे थेंब वरून सोडल्यासारखे. आडवं की उभं, एवढं दिसलं तरी वय कळतं, आणि डोळ्याचा रंग दिसला की बहुतेक वेळा नर-मादी कळते. म्हणून मी बघते तो रंग आणि रेघ. पक्षी किती मोठा दिसतो याला फारसं महत्त्व नाही.

पाड्यावरचे एक दादा माझ्यासोबत येतात. त्यांचं सगळं आयुष्य याच डोंगरात गेलं आहे. त्यांना मी सकाळचे पैसे देते आणि प्रत्येकानं द्यावेत, कारण दुर्बिणीपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो. पहिल्याच दिवशी मी नवी दुर्बीण डोळ्याला लावून एकेक झाड तपासत होते. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, शिक्रा डोळ्यानं शोधू नका. खार काय बोलते ते ऐका."

खार चिरकत होती. नेहमीचं चिर्र करून थांबणं नव्हतं, एकाच जागी बसून, शेपटी झटकत, न थांबता. खाली सातभाई पक्ष्यांचा कलकलाट एकदम बंद पडला होता. दादांनी खारीचं तोंड ज्या दिशेला होतं तिकडं बोट केलं. नाल्याच्या कडेला ऐनाचं झाड होतं, त्याच्या मधल्या फांदीवर, खोडाला जवळजवळ चिकटून, नर शिक्रा बसला होता. एक पाय पोटाच्या पिसांत घेतलेला. अंतर पंचवीस मीटर असेल. आठपट म्हणजे तो मला तीन मीटरहून थोड्याच जास्त अंतरावर बसल्यासारखा दिसत होता, माझ्या हॉलमधल्या सोफ्यापासून दारापर्यंत. लाल डोळा दिसला. गळ्यावरची रेघही दिसली, पहिल्यांदाच.

अकरा मिनिटं तो हलला नाही. फक्त मान. डावीकडं, उजवीकडं, खाली, आणि खालीच थांबली. मग तो उडाला असं म्हणता येणार नाही, फांदीवरून त्यानं स्वतःला सोडून दिलं. जमिनीच्या हातभर वर आला, करवंदीच्या जाळीच्या अगदी कडेनं, म्हणजे जाळीचा आडोसा धरून गेला आणि पलीकडच्या सागाच्या खोडावर वर चढता चढता आपटल्यासारखा थांबला. खोडावर सरडा होता. तो मला तोपर्यंत दिसलाच नव्हता. सगळं मिळून तीन सेकंद.

हे तीन सेकंद मला दिसले ते कशामुळं, ते सांगते. माझ्या दुर्बिणीवर १३० मीटर असं छापलं आहे, म्हणजे एक किलोमीटरवर १३० मीटर रुंदीचा देखावा तिच्यात मावतो. पंचवीस मीटरवर तो सव्वातीन मीटर होतो. जुन्यावर ५६ छापलं होतं, म्हणजे जेमतेम दीड मीटर. फांदी सोडल्याबरोबर शिक्रा त्या दीड मीटरच्या बाहेर गेला असता आणि मी रिकाम्या फांदीकडं बघत राहिले असते. झाडीतला शिकारी बसतो खूप वेळ आणि उडतो क्षणभर. त्याच्यासाठी रुंद आणि उजळ देखावा हवा. १०×४२ घेऊ का, असं मला सोसायटीतल्या दोघांनी विचारलं. पाणथळ जागी, ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायचे असतील तर जरूर घ्या. येऊरसाठी आठच.

सरडा पकडल्यावर त्यानं चोच लगेच वापरली नाही, हेही मला दुर्बिणीमुळं कळलं. ससाणा चोचीनं मान मोडतो, त्याच्या वरच्या चोचीला त्यासाठी दातासारखी खाच असते. बाज पंजानं मारतो. शिक्र्यानं सरड्याला धरून पंजा दाबला, सैल केला, पुन्हा दाबला, कणीक तिंबावी तसा. सरड्याचं हलणं थांबल्यावरच मान खाली घातली. सरडे, खारी, उंदीर, लहान पक्षी, मोठे किडे, काहीही चालतं त्याला, पण येऊरमध्ये मी सगळ्यात जास्त सरडेच बघितले. त्याच्या या चपळाईपायी पूर्वी माणसं त्याला पाळून शिकारीला शिकवत. शिकवायला सोपा म्हणून बाजदारांत त्याला मागणी होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं आणि बंदच राहावं.

फेब्रुवारी-मार्चला साग उघडा पडतो, तेव्हा जंगल आरपार दिसतं. दुर्बिणीचा खरा आनंद या दोन महिन्यांत आहे. मागच्या एप्रिलमध्ये एका आंब्यावर शिक्र्याच्या जोडीनं घरटं बांधलं. कावळ्यासारखंच काटक्यांचं, ओबडधोबड. दोघंही काटक्या पायात धरून आणत होते. मी चाळीस मीटरवर एक दगड ठरवला आणि कधी त्याच्या पुढं गेले नाही. आठपट काच हातात असली की पायांना पुढं जायचं कारण उरत नाही, हा या वस्तूचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. मोबाइल घेऊन घरट्याखाली उभी राहणारी माणसं मी बघितली आहेत आणि त्यांचा मला राग येतो. जागा मी कुणालाही सांगितली नाही, इथंही सांगणार नाही. मेच्या शेवटी फांदीवर तीन पिल्लं बसलेली दिसली, उभ्या ओघळांची, चेहऱ्यावर अजून मऊ पिसं. नर दुरूनच ओरडत यायचा, "टी-ट्यू, टी-ट्यू", पहिला सूर उंच, दुसरा लांबलेला. कोतवाल पक्षी हाच आवाज इतका हुबेहूब काढतो की पहिल्या आठवड्यात मी दोनदा कोतवालाच्या मागं धावले.

जूनमध्ये फसवणारा दुसरा गडी आला, पावशा. "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणणारा. आवाज सगळ्यांना माहीत, पक्षी फार थोड्यांनी बघितलेला. तो दिसायला जवळजवळ शिक्रा: राखाडी पाठ, छातीवर तांबूस छटा, शेपटीवर तेच आडवे पट्टे, उडण्याची ढबही तीच, चार-सहा वेळा पंख मारून तरंगत जाणं. तो फांदीवर येऊन बसला की सातभाई शिक्रा आल्यासारखेच बावरतात, आणि त्यांच्याच घरट्यात पावशाची मादी अंडी घालते. नुसत्या डोळ्यांनी मीही फसले. दुर्बिणीत चोच बघितली की काम होतं. शिक्र्याची चोच आकड्यासारखी खाली वळलेली, पावशाची कोकिळेसारखी साधी. पाय तर बघायलाच नकोत इतका फरक, शिक्र्याचे लांब पिवळे आणि मजबूत नख्यांचे, पावशाचे आखूड.

पावसाळ्याबद्दल काळजी होती. आमच्या भागात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, काचेला न यायला काय झालं? लॅबमध्ये एका पावसाळ्यात मायक्रोस्कोपची लेन्स अशी गेलेली मी बघितली आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी तंतूंची नक्षी, आणि ती पुसून जात नाही. या दुर्बिणीत आत हवेऐवजी नायट्रोजन भरला आहे आणि सांधे बंद आहेत. जुलैच्या सरींत ती तीनदा चांगली भिजली, आतून एकदाही धुकं धरलं नाही. बाहेरून धरतं, ते पुसायचं. घरी आल्यावर मी ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते, पुड्या दर पंधरा दिवसांनी गरम करून सुकवते. सोबत आलेल्या कापडी पिशवीत ठेवू नका, कापड ओल धरून ठेवतं.

तक्रारी आहेत. डोळ्याला टेकणारी रबरी वाटी सातव्या महिन्यात सैल झाली. फिरवून बाहेर काढली की आपोआप आत जायची. कंपनीच्या सेवा केंद्रानं बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, पण पाच आठवडे लावले आणि ते नेमके पिल्लं घरट्यातून बाहेर पडण्याचे दिवस होते. ते पाच आठवडे मी शेजाऱ्यांची दुर्बीण मागून काढले. पट्टा अरुंद आणि खरबरीत आहे, ६५० ग्रॅम वजन तीन तास मानेवर घेतलं की दुसऱ्या दिवशी मान हलत नाही. मी त्याच्यावर जुन्या सुती साडीची घडी शिवली. पुढच्या काचांची झाकणं पहिल्याच महिन्यात नाल्यात पडली. आणि पांढऱ्या ढगासमोर घार बघितली तर पंखाच्या कडेला जांभळी किनार दिसते. यापेक्षा महाग काचेत ती दिसत नाही म्हणतात, मला त्यासाठी तिप्पट पैसे द्यायचे नव्हते.

चष्मा असलेल्यांनी एक गोष्ट तपासावी. डोळा काचेपासून किती दूर ठेवून पूर्ण देखावा दिसतो तो आकडा पत्रकात दिलेला असतो. माझ्यात १७ मिलिमीटर आहे आणि चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो. जुन्यात चष्मा काढावा लागायचा, तोवर पक्षी जायचा. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर उजव्या बाजूची छोटी रिंग एकदा बसवून घ्या: उजवा डोळा झाकून मधल्या चाकानं डाव्याला स्पष्ट करायचं, मग डावा झाकून रिंगनं उजव्याला. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानदार ते सांगत नाहीत, आणि मग लोक डोकं दुखतं म्हणून दुर्बीण कपाटात टाकतात.

शिक्रा जंगलाच्या कडेचा पक्षी. आमच्या सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षावरही येतो, चिमण्या आणि साळुंक्या त्याला बरोबर ओळखतात. पण आत, दऱ्यांमध्ये, जिथं मार्चमध्येसुद्धा सावली हटत नाही, तिथं त्याचा मोठा भाऊबंद राहतो. क्रेस्टेड गॉसहॉक, आम्ही सगळे इंग्रजी नावच घेतो. आकारानं कावळ्याच्या आसपास, डोक्यामागं छोटी शेंडी, जाड पिवळे पाय. घनदाट झाडीत बसून राहतो म्हणून दिसणं कठीण. आभाळात येतो तेव्हा पंख थोडे खाली वाकवून उथळ फडफडवतो आणि शेपटीखालची पांढरी पिसं दोन्ही बाजूंनी फुगलेली दिसतात. गंमत म्हणजे तैपेई शहराच्या बागांत हाच पक्षी माणसांच्या डोक्यावर घरटी करतो. महाराष्ट्रात तो मुख्यतः पश्चिम घाटाची झाडी धरून आहे. येऊरच्या बंगल्यांतून रात्री लाऊडस्पीकर वाजतात तेव्हा मला त्या दऱ्यांची आठवण येते.

या जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी खारीनं पुन्हा सांगितलं. दरीच्या पलीकडच्या उतारावर, दाट पानांत, शिक्र्याहून बराच मोठा कोणीतरी बसला होता. दादा नुसत्या डोळ्यांनीच म्हणाले, "शेंडीवाला आहे." मी दुर्बीण लावली. सूर्य आलेला नव्हता. पान हललं की अर्धा चेहरा दिसायचा, पुन्हा झाकायचा. छातीवर तपकिरी उभे पट्टे, पोटावर आडवे. गळ्यावर मधोमध जाड काळपट रेघ, शिक्र्याच्या पेन्सिलीसारखी नाही, ब्रशनं ओढलेली. आणि गालाच्या दोन्ही बाजूंनी आणखी एकेक. त्याच्या शास्त्रीय नावात पूर्वी 'ट्रायव्हिरगेटस' असा शब्द होता, आता 'ट्रायव्हिरगेटा' आहे, म्हणजे तीन पट्ट्यांचा. नाव मला पाठ होतं, पट्टे त्या दिवशी बघितले.

दादा हा पक्षी लहानपणापासून ओळखतात, आवाजावरून, बसण्यावरून, खारीवरून. त्यांनी आजवर दुर्बीण कधी मागितली नव्हती. मी विचारलं, "दादा, गळ्यावर किती रेघा असतात याच्या?" ते म्हणाले, "रेघा?" मी दुर्बीण पुढं केली. ते बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तीन. मधली जाड आहे." पट्टा अजून माझ्याच मानेत होता आणि ताणला जात होता. मी तो काढून त्यांच्या हातात दिला, कारण दुर्बीण इतक्यात परत येणार नव्हती.